कोंब्याची बाई आणि अर्धं सूत

नाव : लवू सखाराम मेस्त्री. मूळ राहणार : मौजे मिठबाव, तालुका देवगड, जिल्हा रत्नागिरी, सध्या मुक्काम कुवेत राज्य. वय : छत्तीस, अंदाजे. उंची : पाच फूट चार इंच, अंदाजे. व्यवसाय : शेतमजूर, विभाग वफ्रा, भाजीपाला. शिक्षण : निरक्षर, सहीऐवजी डाव्या अंगठ्याचा ठसा. ओळखीची खूण : डाव्या तर्जनीचं शेवटचं पेर नाही. वर्तणूक : तक्रार नाही. सदर इसम सदर कामाव्यतिरिक्त अन्य कोणतंही काम करीत नाही व करणार नाही.

या वर्णनात बोटाचं पेर तेवढं खरं होतं. ते शुवैखच्या एका सुतारखान्यात रंधा मारायच्या यंत्रानं घेतलं. भाजीपाला सहसा माणसाची बोटं घेत नाही, पण इकाम्याच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या, खिडकीतल्या कारकुनाला त्यात काही वावगं दिसलं नाही. 'मेस्त्री' या आडनावाचा अर्थ त्याला ठाऊक असण्याचंही कारण नव्हतं.

झालं असं होतं की १९७४ साली मुंबईच्या एजंटाकडचे सुतारांचे व्हिसे संपले होते आणि शेतमजुरांचे शिल्लक होते. म्हणून लवू शेतमजूर झाला. फॉर्मवर तो सही करू लागला तेव्हा एजंटानं त्याचं मनगट पकडलं. "अरे, एवढी वळणदार सही करणारा माणूस काकड्या लावायला चाललाय, हे कोण खरं मानील? संशय येईल लोकांना. अंगठा दे." लवू सातवीची फायनल पास होता आणि अक्षरासाठी त्याला शाळेत बक्षीस मिळालेलं होतं. त्यानं अंगठा दिला. कुवेतमधला त्याचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर परदेशी माणूस त्या देशात असतो तो गृहस्थ, वफ्रातल्या एका शेताचाही मालक होता आणि सुतारखान्याचाही. माणसं तो ज्या कामाचा परवाना असेल त्या नावावर आणवी आणि जिथं गरज असेल तिथं कामाला लावी. अशी माणसं त्या वेळी कुवेतमध्ये इतकी होती की सगळी जर एकदम आपापल्या कागदावरच्या कामाला गेली असती, तर वफ्रात उभं राहायला जागा उरली नसती.

लवू हवल्लीत सहाजणांच्या खोलीत राहायचा. बोलायचा कमी. स्वभाव मूळचाच संशयी. दुसऱ्याच्या फूटपट्टीवर त्याचा विश्वास नसे. मिठबावहून आणलेली स्वतःची लाकडी पट्टी तो खिशात बाळगी आणि सगळं इंच-सुतात मोजी. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे सूत. सुतारखान्यातले बाकीचे मिलिमीटर म्हणत. लवू ऐकून घेई, मान हलवी, आणि पुन्हा आपल्या पट्टीनं मोजून बघे. मिलिमीटर कुणी बनवले हे त्याला माहीत नव्हतं, आणि ज्याचा कर्ता माहीत नाही अशा मापावर तो लाकूड कापत नसे.

१९७७च्या उन्हाळ्यात सुतारखान्यात विल्मॉट साहेब आले. मीना अल-अहमदीच्या बाजूला तेलाच्या कामावर असलेले इंग्रज इंजिनियर. तीन वर्षांनी निवृत्त होणार होते. त्यांच्याजवळ चोवीस नाणी होती. ती ते सिगारेटच्या चपट्या डब्यांत कापसावर ठेवत आणि आता त्यांना त्यांच्यासाठी सागवानी कपाट हवं होतं : दीड हात उंच, चार उथळ खण, खणात सहा-सहा नाणी.

ही नाणी सोन्याची नव्हती, आणि हे इथंच सांगून टाकलेलं बरं, कारण हवल्लीत पुढं निराळंच पसरलं. रोमनांनी इजिप्त घेतल्यावर त्या प्रांतापुरती अलेक्झांड्रियाला पाडलेली ती नाणी. चांदी थोडी, तांबं फार. एका अंगाला बादशहाचं डोकं. दुसऱ्या अंगाला एक उभी बाई आणि तिच्याभोवती ग्रीक अक्षरं. बाई दर वेळी निराळी. एकीच्या हातात तराजू, ती न्याय. एक झग्याचा काठ चिमटीत उचलून धरते, ती आशा. एकीजवळ गव्हाच्या लोंब्या, ती शांतता. एकीपाशी जहाजाचं सुकाणू, ते दैव. राज्य रोमन, अक्षरं ग्रीक, रयत इजिप्तची आणि तिच्यातल्या बहुतेकांना वाचताच येत नसणार. तेव्हा न्याय आणि शांतता आपल्याकडे आहे हे लोकांना चित्रावरून समजावं अशी ती व्यवस्था होती. पुढंपुढं नाण्यातली चांदी कमी होत गेली. बायकांच्या हातातल्या लोंब्या तेवढ्याच राहिल्या.

लवूला यातलं काही कुणी सांगितलं नाही. नाणी तीन आठवडे सुतारखान्याच्या तिजोरीत होती, आणि रोज सकाळी एकेक डबा त्याच्या बाकावर यायचा. बादशहांकडे त्यानं लक्ष दिलं नाही; त्याच्या मते ते सगळे एकच दाढीवाले गृहस्थ होते. बायका मात्र त्यानं ओळखल्या. सुकाणूवाली तर बघताक्षणीच. विल्मॉट साहेबांच्या टंकलिखित यादीत त्या नाण्यापुढं 'वल्हे अथवा काठी' असं होतं. लवूच्या गावात ते वल्हं आहे असं म्हणणाऱ्या माणसाला होडीत घेतलं नसतं. झग्याचा काठ धरणारी ही त्याच्या लेखी खाडीच्या पाण्यात उतरताना निऱ्या वर धरणारी बाई होती. आणि एकीच्या पंजावर पक्षी बसलेला होता. साहेबांच्या यादीप्रमाणं तो फिनिक्स, राखेतून उठणारा; आणि ती बाई म्हणजे प्रोनिया, दूरदृष्टी. या नाण्याला साहेब सगळ्यांत जास्त जपत. असं दुसरं सहज मिळत नाही म्हणत. लवूच्या मते ती राखणदाराला, म्हणजे गाव सांभाळणाऱ्या देवाला, द्यायला कोंबडा घेऊन चाललेली बाई होती. चेहऱ्यावरूनच कळत होतं.

आता लवूनं जी चूक केली ती दुसऱ्या कुणा सुतारानं केली नसती. नाण्यांच्या कपाटात गोल भोकं पाडतात. नाणं त्यात सैल राहतं आणि हवं तसं फिरवून चित्र उभं करता येतं. पण ही नाणी गोल नव्हती. हातानं ठोकलेली, कुणाची कड फाटलेली, कुणी एका अंगाला फुगलेली. वाकड्या वस्तूला गोल भोक म्हणजे लवूच्या नजरेत फसवणूक होती. त्यानं प्रत्येक नाणं कागदावर ठेवून टोकदार पेन्सिलीनं कड गिरवली, पातळ फळीवर तो आकार उतरवला आणि तारेच्या करवतीनं चोवीस भोकं चोवीस आकारांची कापली. आतून हिरव्या बनातीच्या कापडाची पट्टी. खाली बोट जाईल एवढं छिद्र, म्हणजे नाणं काढायचं झालं तर खालून ढकलायचं. आणि कुठल्या भोकात कोण, हे विसरू नये म्हणून खणांच्या पाठीमागं पेन्सिलीनं लिहून ठेवलं : तराजूची. सुकाणाची. निऱ्या धरलेली. कोंब्याची — उजव्या अंगाक अर्धा सूत जास्त.

ऑक्टोबरात कपाट अहमदीला साहेबांच्या बंगल्यावर पोचवलं. साहेबांनी खण उघडले आणि कपाळाला आठ्या घातल्या. नाणी फिरेनात. लवूनं ज्या कोनात गिरवली होती त्याच कोनात ती बसली होती.

"आशा वाकडी झोपलीय," साहेब म्हणाले.

लवूला इंग्रजी कळलं नाही, आठ्या कळल्या. त्यानं तो खण उचलला आणि सरळ पालथा केला. विल्मॉट साहेबांच्या तोंडून जो आवाज निघाला तो सहा फुटी माणसाला शोभणारा नव्हता. पण एकही नाणं पडलं नाही. लवूनं खण हलवून दाखवला. नाहीच पडलं. मग साहेबांनी तो त्याच्या हातून घेतला, स्वतः पालथा केला, मग दुसरा, तिसरा, चौथा. चारही खण साहेबांनी गालिच्यावर स्वतःच्या हातानं पालथे करून बघितले आणि शेवटी हसले. लवू परत आला. त्यानंतर तो त्या घरात गेला नाही.

पाच महिन्यांनी, मार्चमधल्या एका बुधवारी, साहेब सुतारखान्यात आले ते एक खण काखेत मारूनच. बरोबर अब्बास होता. अब्बास म्हणजे कफिलाचा मंदूब, सगळ्यांचे कागद घेऊन सरकारी खिडक्यांपुढं उभा राहणारा माणूस. त्याला भारतीयांशी बोलून बोलून हिंदी येत असे, म्हणजे आपल्याला येतं असं त्याला वाटे.

हकीकत अशी : साहेबांकडे जेवायला त्यांचे मित्र हॅलम आले होते. दातांचे डॉक्टर, स्वतःही नाण्यांचे शौकीन, फोटोही चांगले काढणारे. त्यांनी भिंगातून फिनिक्सवाली बघितली आणि म्हणाले, ही ठोकलेली नाही, ओतलेली आहे. नक्कल. काम चांगलं आहे, पण नक्कल. मग विचार करण्यात आला की हे नाणं आठवडेच्या आठवडे परक्या माणसाच्या एकट्याच्या हातात कधी होतं. फार विचार करावा लागला नाही. हॅलमनी खण उलटा केला आणि मागं पेन्सिलीनं लिहिलेली ओळीच्या ओळी अनोळखी अक्षरं दिसली. ग्रीक दोघांनाही येत होतं. हे ग्रीक नव्हतं.

"ये क्या है?" अब्बासनं खणाची पाठ लवूसमोर धरली. "साहब बोलता, चोर का निशानी. किसके वास्ते लिखा?"

लवूनं आपलंच अक्षर बघितलं.

"तुम लिखना जानता?"

हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नव्हता. होय म्हणावं तर इकाम्यावरचा निरक्षर खोटा, आणि तो खोटा तर शेतमजूरही खोटा. नाही म्हणावं तर मग ही अक्षरं कुणाची, आणि कुणासाठी? लवूनं आपलं आखूड बोट दुसऱ्या मुठीत धरलं आणि जमिनीकडे बघत राहिला. विल्मॉट साहेबांनी त्या गप्प बसण्याचा जो अर्थ काढायचा तो काढला. शनिवारी सकाळपर्यंत नाणं परत आलं नाही तर ते मखफरला, म्हणजे पोलीस ठाण्यावर, जाणार होते. मधे गुरुवार-शुक्रवारची सुट्टी होती, म्हणून तेवढी दया.

साहेब गेल्यावर अब्बासनं दार लावलं.

"मखफर में पहला सवाल क्या? सिक्का? नहीं. इकामा." त्यानं स्वतःच्या खिशावर थाप मारली. "इकामा बोलता, किसान. तुम इधर क्या करता? मालूम नहीं. कफील से पूछा, कफील बोलेगा, मेरा पास कोई लवू कारपेंटर नहीं है. मेरा लवू वफ्रा में खीरा लगाता है. समझा? तुम चोर, नहीं चोर, एक बात. सीधा एअरपोर्ट."

म्हणजे निर्दोष ठरून काही उपयोग नव्हता. पोलिसांपुढं जाण्याआधी निर्दोष ठरायला हवं होतं. ठाण्याची पायरी चढली की लवू मेस्त्री नावाचा सुतार कुवेतमध्ये नव्हताच, आणि नसलेल्या माणसाला परत कधी येता येत नाही.

संध्याकाळी खोलीत ही बातमी लवूच्या आधी पोचली होती. तो शिरला तेव्हा पाचही जण एकदम डाळ शिजली का हे बघायला लागले. गणपत, शेजारच्या गावचा रंगारी, लवूच्या खाटेला खाट लावून झोपायचा. त्यानं ट्रंकेला नवं कुलूप लावलं होतं. जुनं चांगलं होतं.

"काय रे लवू," गणपत म्हणाला, "राणीचो हार खंय पुरून ठेवलंस? वफ्राक, काकडेच्या मुळात?"

"हार न्हय. नाणा. आणि मी घेवक नाय."

"मी खंय म्हणतंय घेतलंस म्हणान? मी आपला इचारतंय." गणपतनं कुलूप ओढून बघितलं. "सोन्याचा ता?"

"तांब्याचा."

"तांब्यासाठी साहेब अहमदीसून हंयसर येता? माका शिकव नुको मेल्या."

कुणी भांडलं नाही. तांब्याच्या नाण्यासाठी कुणी एवढं करीत नाही, एवढ्या एका मुद्द्यावर खोलीचं एकमत झालं होतं. आणि सहा माणसं एका खोलीत राहत असली की एकमत दुर्मीळच. त्या रात्री लवूच्या उशाशी ठेवलेली हत्यारांची पेटी दोघांनी दोन निरनिराळ्या वेळी उघडून बघितली. तिसऱ्यानं बघितली असावी, पण ते सिद्ध झालेलं नाही. लवूलाही झोप नव्हतीच. आपल्याला लिहिता-वाचता येतं हे अब्बासला गणपतनं सांगितलं असावं, असा त्याचा संशय होता. तोही सिद्ध झालेला नाही.

गुरुवारी तो वरच्या मजल्यावर विजयाबाईंकडे गेला. विजयाबाई मिरजेच्या, तिथंच नर्सिंग शिकून आलेल्या आणि आता एका मोठ्या रुग्णालयात वॉर्डाच्या सिस्टर. इंग्रजी चोख, अरबी वॉर्डापुरती. हवल्लीतल्या मराठी लोकांचे सरकारी कागद, औषधांच्या चिठ्ठ्या आणि नवराबायकोंची भांडणं हे सगळं त्यांच्याकडे वाचायला यायचं. लवू दारातच उभा राहिला आणि उभ्यानं सगळं सांगितलं.

"घेतलंस का?" विजयाबाईंनी विचारलं.

"नाय."

"नुसतं बघायला म्हणून खिशात राहिलं असं काही?"

"नाय बाईनू."

"बरं. घरी पाठवलंस का कुणाबरोबर?"

"नाय, सांगतंय मा तुमका!"

गोळ्या घेतल्या का हे त्या रुग्णाला याच पद्धतीनं तीन वाटांनी विचारत. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं की त्या विश्वास ठेवत. म्हणजे तात्पुरता.

"आता तुझं म्हणणं काय? कोणी घेतलं?"

"ता माका माहीत नाय. पण माका ती बघूक व्हयी. माझ्या भोकात ठेवून."

"ठेवून काय होणार?"

"ही ती न्हय असात, तर ता भोकच सांगात."

शुक्रवारी दुपारी विजयाबाई त्याला घेऊन अहमदीला गेल्या. गाडी त्यांची स्वतःची होती आणि त्या स्वतः चालवत. लवू मागं बसला, गुडघ्यावर पट्टी घेऊन. विल्मॉट साहेबांनी दार उघडलं तेव्हा नर्सचा पोशाख बघून त्यांना आधी वाटलं कुणीतरी आजारी आहे. बैठकीत हॅलम होते. चहा मांडलेला होता. लवूला कुणी बस म्हटलं नाही. तो कपाटाशेजारी जाऊन उभा राहिला आणि त्याच्या दाराची फट नखानं तपासू लागला. फट बरोबर होती.

"आधी हे वाचा," साहेबांनी खणाची पाठ विजयाबाईंपुढं केली. "काय लिहिलंय?"

विजयाबाईंनी चष्मा लावला आणि एकेक शब्द इंग्रजीत सांगितला. तराजूची. सुकाणाची. पाण्यात उतरायला निऱ्या धरलेली. कोंबडा घेतलेली, उजव्या बाजूला इंचाचा सोळावा हिस्सा जास्त.

"कोंबडा?" हॅलम म्हणाले.

"कोंबडा."

"हे कुणी लिहिलं?" विल्मॉटनी लवूकडे बघत विचारलं.

विजयाबाईंनी खण पुन्हा एकदा नीट बघितला. "लिहिणाऱ्याचं नाव लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. वॉर्डातल्या नोंदी कुणी विचारल्या की त्या ज्या आवाजात बोलत, तोच आवाज. मग म्हणाल्या, "मिस्टर विल्मॉट, हे खण पालथे करा. तुम्हीच. तो हात लावणार नाही."

साहेबांनी टेबलावर टॉवेल पसरला. पहिला खण पालथा केला. काही नाही. दुसरा. काही नाही. तिसऱ्याला टॉवेलवर टप्पकन आवाज झाला. एकच नाणं पडलं, बादशहा वर करून. चौथ्या खणातून पुन्हा काही नाही.

लवू जागेवरनं हलला नाही. म्हणाला, "बाईनू, सांगा तेंका, ही बारीक झाली. ओतलेला नाणा थंड झाल्यार आकसता. माझा भोक जुन्या बाईचा आसा. ही ती न्हय."

विजयाबाईंनी सांगितलं.

"हवामान," हॅलम म्हणाले. ते शांत होते, कपात साखर ढवळत होते. "या देशात लाकूड वाळतं, तडकतं. भोक मोठं झालं असेल."

विजयाबाईंनी हे लवूला सांगितलं. लवूनं प्रथमच हॅलमकडे नीट बघितलं.

"लाकूड तिच्या एकटीचाच वाळला? बाकी तेवीस खंय सुटले?"

हेही इंग्रजीत सांगण्यात आलं. साखर ढवळणं थांबलं.

विजयाबाई विल्मॉटकडे वळल्या. "ऑक्टोबरात हे कपाट आलं तेव्हा चारही खण तुम्ही स्वतः पालथे केले होते?"

"हो."

"काही पडलं?"

"नाही."

"म्हणजे तेव्हा खरी बाई आत होती. त्यानंतर हा माणूस या घरात आलाय?"

"नाही."

"मग ऑक्टोबरानंतर ही बाई या घरातनं कोणी बाहेर नेली?"

"कोणीच नाही," साहेब म्हणाले. "फक्त जानेवारीत दोन आठवडे, फोटोसाठी —"

आणि थांबले.

दातांचे साचे घेणं, त्यात धातू ओतणं, कड घासून गुळगुळीत करणं हे काही माणसांचं रोजचं काम असतं, आणि नक्कल आपणच आधी ओळखून दाखवली की संशय दुसऱ्याकडे जातो, हे त्या वेळी कुणी मोठ्यानं म्हटलं नाही. विल्मॉट साहेबांनी मित्राकडे बघितलं. मित्रानं घड्याळाकडे. मग साहेबांनी टॉवेलवरचं नाणं उचललं, उजेडाला धरलं आणि म्हणाले, "चहा थंड झाला वाटतं." इतकंच. वीस वर्षं एकत्र ब्रिज खेळलेल्या माणसावर संशय घेण्यापेक्षा सुतारावर घेणं त्यांना बुधवारी फार सोपं गेलं होतं. शुक्रवारी ते तितकं सोपं राहिलं नाही, एवढाच फरक पडला होता.

"शनिवारी तुम्ही ठाण्यावर जाणार होता," विजयाबाई म्हणाल्या.

"त्याची आता गरज दिसत नाही," विल्मॉट म्हणाले.

क्षमा कुणी मागितली नाही. निघताना साहेबांनी लवूला खुर्ची दाखवली, पण तोवर तो दारात पोचला होता.

परतीच्या वाटेवर लवूनं पट्टी खिशात घातली. मग मागनं विचारलं, "बाईनू, त्या कोंब्याच्या बायचा नाव काय?"

"साहेबांच्या यादीत दूरदृष्टी लिहिलंय. म्हणजे पुढं काय होणार ते आधी ओळखून व्यवस्था करून ठेवणं."

"मगे कोंबोच तो," लवू म्हणाला. "राखणदाराक आदीच देवचो लागता. मागसून देवन काय उपेग?"

शनिवारी अब्बासनं "खलास" एवढंच सांगितलं. खोलीत गणपतनं नवं कुलूप काढलं नाही; एकदा लावलंच आहे तर राहू दे, म्हणाला. खरी कोंब्याची बाई कुठं गेली ते कळलं नाही. दंतवैद्य हॅलम मेमध्ये रजेवर गेले आणि परत आले नाहीत. कुणी म्हणालं, करार संपला. कुणी निराळं म्हणालं. ज्यांना काही माहीत होतं त्यांनी काहीच म्हटलं नाही, आणि अशा वेळी तोच सगळ्यांत संशयास्पद गट असतो.

विल्मॉट साहेब १९८०त निवृत्त होऊन गेले, कपाटासकट. जाण्याआधी त्यांनी लवूला एक पत्र पाठवलं. जाड, पिवळसर कागद, खाली शाईची सही. विजयाबाईंनी वाचून दाखवलं : पंचवीस वर्षांत आखाती देशांत इतका अचूक सुतार आपण पाहिला नाही, आपण त्याच्यावर अन्याय केला होता, ज्या कुणाला उत्तम कारागीर हवा असेल त्यानं हे पत्र प्रमाण मानावं.

अब्बासनं तो कागद दोनदा उलटसुलट केला. "बहुत अच्छा कागज," तो म्हणाला. "किसी को दिखाना मत."

खरंच होतं ते. पत्रावर लवूचं पूर्ण नाव होतं आणि नावापुढं सुतार असं होतं. इकाम्यावर त्याच नावापुढं शेतमजूर होतं. दोन्ही कागद एकाच माणसाच्या खिशात सापडले असते तर कुठला खरा हे ठरवायला ठाण्यात गेलं असतं, आणि तिथं पहिला प्रश्न काय असतो हे आता लवूला पाठ झालं होतं. त्यानं पत्र वर्षभर ट्रंकेच्या तळाला अस्तराखाली ठेवलं. मग खुर्चीच्या हाताचा फर्मा, म्हणजे आकार गिरवायचा नमुना, करायला जाड कागद हवा होता. त्यानं ते बाहेर काढलं, उलट्या बाजूनं आकार काढला आणि कापलं. तो फर्मा चांगला टिकला. त्यावरून अडीच-तीनशे खुर्च्या निघाल्या.

१९८६च्या जूनमध्ये लवू मेस्त्री कायमचा परत गेला. त्याचा जिल्हा मधल्या काळात सिंधुदुर्ग झाला होता. कागदावर रत्नागिरीच राहिला. शेवटच्या दाखल्यावर कफिलाची मोहोर होती : सदर इसमानं वफ्रा येथे बारा वर्षं भाजीपाला लागवडीचं काम इमानानं केलं; वर्तणूक उत्तम; निरक्षर असल्यानं अंगठा घेतला आहे.

वफ्रा त्यानं एकदा पाहिलं. विजयाबाईंच्या रुग्णालयाची शुक्रवारची सहल गेली होती, तिच्याबरोबर. तिथून त्यानं दोन किलो काकड्या विकत घेतल्या.